इटलीच्या टाचेवर मैत्रिणीच्या घरी उन्हाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मैत्रीण सालेंतोची. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रांताचं हे दक्षिण टोक. मुख्य शहर लेच्चे. तिचं गाव तिथून आणखी दक्षिणेला, ओत्रांतोच्या बाजूला आहे. तिच्या आईवडिलांच्या घरी मी तीन उन्हाळे राहिले. आपल्याकडची पुष्कळ मुलं आता युरोपात शिकतात. त्यांना वर्गातल्या मित्रमैत्रिणी ‘ऑगस्टमध्ये आमच्या घरी ये’ म्हणतात, आणि मग त्यांचे किंवा त्यांच्या आयांचे फोन मला येतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाची सविस्तर उत्तरं लिहून ठेवते आहे.

‘घरी ये’ हे नुसतं म्हणायचं म्हणून असतं का?

माझ्या अनुभवात नाही. तिथे ‘ये’ म्हटल्यावर तुमची खाट कुठे टाकायची हे आईने ठरवूनही टाकलेलं असतं. तारखा मात्र त्यांना ठरवू द्या. दक्षिणेतली बरीच तरुण मंडळी नोकरीसाठी मिलान, तोरिनोकडे गेलेली असतात आणि ऑगस्टमध्ये घरी परततात. वर्षातून हीच वेळ, जेव्हा सगळं घर एकत्र असतं. आपल्याकडे गणपतीत कोकणातली घरं भरतात तसं. त्यामुळे ‘मी १० ते २० येतेय’ असं कळवू नका, ‘तुम्हाला कधी सोयीचं?’ असं विचारा. आठ ते दहा दिवस पुरेसे. महिनाभर राहण्याचा आग्रह झाला, तरी पहिल्या खेपेला राहू नका.

१५ ऑगस्टला तिथे फेर्रागोस्तो असतो. मूळ रोमन काळातलं: सम्राट ऑगस्टसने सुरू केलेली सुट्टी, पुढे त्याच दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण आला. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळा देश समुद्रावर नाहीतर जेवणाच्या टेबलावर. या दिवसासाठी तुम्हाला मुद्दाम थांबवून घेतलं, तर तुम्हाला घरातलं मानलं आहे.

व्हिसासाठी काय लागतं?

भारतीय पासपोर्टवर अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून १५ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, पण १५ दिवसांवर भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात अर्जासाठी वेळ मिळणंच अवघड जातं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये हालचाल सुरू करा. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईतल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

हॉटेलच्या आरक्षणाऐवजी यजमानाचं निमंत्रणपत्र जोडायचं असतं, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. हे पत्र मैत्रिणीने लिहायचं की तिच्या वडिलांनी, हे घर कुणाच्या नावावर आहे त्यावर ठरतं. आधी विचारून घ्या. पहिल्या वेळी पत्र मैत्रिणीचं आणि घर वडिलांचं अशी आमची गल्लत झाली, आणि पत्र नव्याने मागवण्यात दोन आठवडे गेले.

पोचल्यावर पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं का?

हो. यात घाबरण्यासारखं काही नाही. युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्याला घरी ठेवलं, की ४८ तासांच्या आत यजमानाने स्थानिक पोलीस कार्यालयाला लेखी कळवायचं असतं. लहान गावात हे काम नगरपालिकेत होतं. शिवाय तुम्ही फ्रँकफर्ट किंवा पॅरिसवरून गेलात, म्हणजे शेंगेन देशांत प्रवेश दुसरीकडून झाला, तर इटलीत पोचल्यापासून आठ दिवसांत तुम्हालाही आपल्या उपस्थितीची नोंद करावी लागते. हॉटेलात हे आपोआप होतं, घरी राहताना आपण लक्षात ठेवायचं. कित्येक यजमानांनाही याची कल्पना नसते. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या झेरॉक्स सोबत न्या.

भेट म्हणून काय न्यावं? पेढे चालतील?

पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. हापूसची पेटीही नाही, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. जीव हळहळतो, पण विमानतळावर पेटी टाकून देताना तो जास्त हळहळेल.

चहा, मसाले, तेलात तळलेली चकली, चिवडा, राजगिऱ्याची चिक्की हे सगळं चाललं आणि आवडलं. मी एकदा हातमागाचे टेबलावर घालायचे कापड नेले होते. मैत्रिणीच्या आईने ते रविवारच्या जेवणाला अंथरलं, आणि पुढच्या वर्षी गेले तेव्हाही तेच अंथरलेलं होतं.

फुलं द्यायची झाली तर शेवंती चुकूनही नको. आपण शेवंतीची वेणी माळतो, देवाला वाहतो. तिथे ती २ नोव्हेंबरच्या पितृस्मरणाला कबरीवर वाहायची फुलं आहेत. आणि रविवारी दुपारी कुणाकडे जेवायला जाल तेव्हा मिठाईच्या दुकानातून कागदात बांधलेला, वर फीत लावलेला छोट्या गोड पदार्थांचा ट्रे न्या. आपल्याकडच्या पेढ्यांच्या पुड्याचं काम तिथे तो ट्रे करतो.

पोचायचं कसं?

मुंबईहून रोम किंवा मिलान, तिथून ब्रिंदिसीचं विमान. रोमहून लेच्चेला थेट रेल्वेही आहे, सुमारे साडेपाच तास लागतात. वेळ असेल तर मी रेल्वेच सांगेन. लेच्चेच्या पुढे मात्र लहान गाड्या आणि मोजक्या बसेस, रविवारी तर फारच थोड्या. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढून न्या. जुन्या शहरांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे असतात, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

मैत्रिणीच्या आईला काय म्हणायचं? ‘काकू’सारखं काही आहे का?

नाही, आणि सुरुवातीला ती उणीव फार जाणवते. काकी-मावशीला तिथे ‘त्सीया’ म्हणतात, पण परक्या बाईला आपण होऊन तसं म्हणत नाहीत. सुरुवात ‘सिन्योरा’ने करा. इटालियनमध्येही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘आपण’ आहेत, ‘तू’ आणि ‘लेई’. मोठ्यांशी लेई. मग कधीतरी, बहुधा पहिल्याच जेवणात, त्या स्वतःच म्हणतील की मला तू म्हण. मला ते जमेना. माझ्या जिभेला आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे करण्याची सवयच नाही. मी मैत्रिणीला हे समजावून सांगितलं, तिने आईला सांगितलं, आणि त्या खूप वेळ माझा हात धरून बसल्या. शेवटी मी त्यांना मराठीतच ‘काकू’ म्हणायला लागले. आता गल्लीतही त्या नावाने त्यांना ओळखतात.

आजीला ‘नोन्ना’, आजोबांना ‘नोन्नो’ म्हणा, त्यांना आवडतं. घरात शिरताना दार उघडं असलं तरी उंबऱ्यावर थांबून ‘पेर्मेस्सो?’ म्हणायचं, म्हणजे ‘येऊ का?’

भाषा येत नाही. अडेल का?

वडीलधाऱ्यांना इंग्रजी क्वचितच येतं, आणि आपसात ते सालेंतोची बोली बोलतात. ती मिलानच्या माणसालाही धड कळत नाही. काही गावांत तर ग्रीको नावाची ग्रीक बोलीही टिकून आहे. त्यातल्या एका गावाचं नावच कालिमेरा, ग्रीकमध्ये ‘सुप्रभात’. पन्नासेक शब्द शिकून जा, खाण्याचे आधी.

दिवस कसा असतो?

याचं उत्तर नीट वाचा, कारण पाहुण्यांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. सकाळी स्टोव्हवरच्या मोका भांड्यातली कॉफी आणि दोन बिस्किटं. पोहे-उपम्याची वाट पाहू नका, न्याहारी तेवढीच. घरातली मंडळी लवकर समुद्रावर जातात किंवा बाजारात. दीडच्या सुमाराला जेवण, तेही पोटभर.

मग सुरू होते कोंत्रोरा. साधारण दीड-दोन ते पाच हा दुपारचा वेळ. दुकानं बंद, खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढलेल्या, गल्लीत मांजरही नाही. या वेळात कुणाच्या घरी फोन करत नाहीत, बेल वाजवत नाहीत, पोरांना दामटून निजवतात. जुन्या घरांच्या भिंती पिवळसर लेच्चे दगडाच्या, हात-दीड हात जाड, वर दगडी कमानींचं छत. बाहेर चाळीसच्या आसपास पारा असताना आत सारवलेल्या घरासारखा गारवा असतो. विदर्भातल्या आजोळी उन्हाळा काढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पुण्या-मुंबईची मुलं मात्र याच वेळी ‘फिरायला जाऊया’ म्हणतात आणि मैत्रिणीला अवघड परिस्थितीत टाकतात. पडा, वाचा, झोपा. घराचं घड्याळ असेल तसं आपलं लावून घ्या.

सहानंतर गाव पुन्हा जागं होतं. अंघोळ, इस्त्रीचे कपडे, आणि चौकात पायी फेरफटका. इथे नीटनेटकं निघायचं. समुद्रावरच्या कपड्यांत गावात फिरलेलं कुणाला आवडत नाही. रात्रीचं जेवण नऊच्या आधी नाही, मग अकरा-बारापर्यंत दारासमोर खुर्च्या टाकून गप्पा. आपल्या ओट्यावरच्या गप्पा आठवतील.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

इटलीत राहायचंच असेल तर शाकाहाऱ्याने पुलियात राहावं, असं माझं ठाम मत आहे. हा गरिबांचा मुलूख होता. मांस सणासुदीला, एरवी कडधान्यं, रानभाज्या आणि ऑलिव्हचं तेल. तिथला मुख्य घरगुती पदार्थ म्हणजे ‘फावे ए चिकोरिया’: बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) सुक्या डाळीचं घट्ट वरण, बाजूला उकडलेली कडवट पालेभाजी, वरून कच्चं तेल. पहिला घास खाल्ला आणि मला आमच्या घरचं वरण आठवलं. ‘चिचेरी ए त्रिया’ म्हणजे हरभरे आणि घरी लाटलेल्या पट्ट्या, त्यातल्या काही तळून कुरकुरीत केलेल्या. उन्हाळ्यात रात्री ‘फ्रिसा’: दोनदा भाजलेली कडक पावाची चकती. ती क्षणभर पाण्यात बुडवायची, वर टोमॅटो चोळायचा, तेल, मीठ, ओरेगानो. वांग्यांचे थर लावलेली पार्मिजाना, कानाच्या पाळीसारखा दिसणारा ओरेक्किएत्ते पास्ता, आणि काकडीसारखं कच्चं खायचं एक खरबूज, ज्याची चव थेट तवशाची.

काळजी कुठे घ्यायची? अँचोवी नावाचे खारवलेले बारीक मासे भाजीत, पावात न विचारता पडतात. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. लेच्चेचा प्रसिद्ध गोड पदार्थ पास्तिच्चोत्तो परंपरेने डुकराच्या चरबीत मळलेल्या पिठाचा. तुमची रेघ कुठे आहे ते जाण्याआधीच मैत्रिणीला कळवा. टेबलावर ताट आल्यावर नको. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर काही घरांत मासे चालतात असं समजतात. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही वेगळं सांगा.

एक महत्त्वाचं. ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे, त्यांनी बाकला अजिबात खाऊ नये, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. यजमानांना हा आजार माहीत असतो, कारण भूमध्य समुद्राकाठी तो आढळतो. सांगायला संकोचू नका.

‘पुरे’ म्हटलं तर राग येईल का?

आग्रह आपल्यासारखाच असतो. पास्ता वाढला म्हणजे जेवण संपलं असं समजू नका, तो पहिला वाढप. पहिल्यांदा कमी घ्या, दुसऱ्यांदा मागून घ्या. ताटात टाकलेलं मात्र त्यांना बघवत नाही.

घरकामात मदत करावी का?

करावी. पहिल्या दिवशी ते करू देणार नाहीत, दुसऱ्या दिवसापासून टेबल लावणं आणि आवरणं आपल्याकडे घ्या. पण खरी मदत ऑगस्टच्या कामांत.

आपल्याकडे जसं पापड-कुरडया-सांडगे, तसं तिथे टोमॅटोचं काम. वर्षभराचा रस एका दिवसात करून ठेवतात. पहाटे पाचला अंगणात क्रेटच्या क्रेट उतरलेले असतात. टोमॅटो धुवायचे, चिरायचे, उकळी काढायची, यंत्रातून साली-बिया वेगळ्या करायच्या, बाटल्यांत भरायचं, प्रत्येक बाटलीत तुळशीच्या जातीचं एक पान. मग बाटल्या मोठ्या पिंपात, एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून मध्ये जुन्या फडक्यांच्या घड्या, आणि खाली लाकडांचा जाळ. विस्तव विझला तरी त्या रात्रभर त्याच पाण्यात निवत ठेवतात. मामा, आत्या, चुलत भावंडं, शेजारीण, सगळे हजर. नोन्ना खुर्चीत बसून फक्त बघते, पण झाकण सैल लागलेलं तिलाच दिसतं.

वर गच्चीवर टोमॅटो अर्धे चिरून, मीठ लावून उन्हात पसरलेले असतात, शेजारी अंजिरं. वाळलेल्या अंजिरात भाजलेला बदाम भरून ती मिटवतात. संध्याकाळी दव पडायच्या आत आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. मी लहानपणी साताऱ्याला आजीच्या वाळवणापाशी काठी घेऊन कावळे हाकलत बसायचे. हे मी काकूंना मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, तेव्हापासून गच्चीची राखण माझ्याकडे आली. त्या घरात मी पाहुणी उरले नाही ती त्या गच्चीवर.

समुद्र कोणता चांगला?

वाऱ्याला विचारा. टाचेच्या एका अंगाला एड्रियाटिक, दुसऱ्या अंगाला आयोनियन. घरातले पुरुष सकाळी उठून आधी वारा बघतात. उत्तरेकडचा त्रामोन्ताना सुटला असेल तर आयोनियनकडे जायचं, दक्षिणेचा दमट शिरोक्को असेल तर एड्रियाटिककडे, म्हणजे पाणी शांत मिळतं. खडकाळ किनाऱ्यावर पायात रबरी चपला हव्यात, सागरी साळिंदरांचे काटे फार वाईट. जेवणानंतर दोन-तीन तास पाण्यात उतरू देत नाहीत. वाद घालू नका. ओल्या केसांनी वाऱ्यात बसलात तरी नोन्ना रागावेल, अगदी आपल्या आज्यांसारखी.

खर्चाचं काय?

घरात पैसे देऊ केले तर ते दुखावतात. बाजारात सोबत जाऊन फळं आपण घ्या, संध्याकाळचं आइस्क्रीम आपलं, आणि एका रात्री सगळ्या घराला पिझ्झा खायला न्या. त्या रात्री बिलासाठी ओढाताण होणार, म्हणून मैत्रिणीला आधीच फितवा. हॉटेलात माणशी ‘कोपेर्तो’ म्हणून बैठकीचे पैसे लावतात, ते नियमानेच.

न्हाणीघराबद्दल विचारायला लाज वाटते, पण...

विचारा. पाण्याची सोय असते. कमोडशेजारी बिडे असतो, इटलीत १९७५ पासून प्रत्येक घरात किमान एक सक्तीचा आहे. पाणी मात्र जपून वापरा. पुलियात नद्या जवळजवळ नाहीतच. अपेनाइन डोंगरापलीकडच्या सेले नदीचं पाणी बोगद्यातून आणायचं काम १९०६ साली सुरू झालं आणि १९१५ मध्ये बारीला नळाचं पाणी पोचलं. त्याआधीच्या टाक्या आणि पोहरे जुन्या घरांत अजून दिसतात. माण-खटावच्या माणसाला हे सांगावं लागणार नाही.

विजेचा दाब आपल्याइतकाच, पण आपल्या जाड पिनांचा प्लग बसत नाही. अडॅप्टर न्या.

रेल्वेतून मैलोन्‌मैल वाळलेली झाडं दिसतात. ती कसली?

ऑलिव्हची. २०१३ मध्ये गाल्लीपोलीच्या परिसरात झायलेला नावाचा जिवाणू सापडला. एक लहान किडा तो झाडाझाडांत नेतो, खोडातल्या पाण्याच्या वाटा बुजतात आणि झाड उभंच्या उभं वाळतं. शेकडो वर्षांची झाडं गेली, लाखोंनी. ओल्यारोला आणि चेल्लीना या तिथल्या जुन्या जाती तग धरू शकल्या नाहीत. आता लेच्चीनो आणि फावोलोझा या तग धरणाऱ्या जाती लावतात.

फोटो काढत ‘अरेरे’ म्हणू नका. मैत्रिणीच्या वडिलांनी मला शेतावर नेलं. त्यांच्या आजोबांच्या हातच्या झाडांची नुसती बुंधे उरली होती. ते काही बोलले नाहीत, एका खोडाच्या बुडाशी फुटलेला हिरवा धुमारा तेवढा दाखवला. आपल्याकडे बागा तोडाव्या लागलेल्या शेतकऱ्याशी जसं बोलाल, तसंच बोला.

सण, जत्रा?

प्रत्येक गावाचा एक संत आणि त्याची जत्रा. जुलैच्या ५ ते ७ तारखांना स्कोर्रानोला सांता दोमेनिकाच्या उत्सवात लाकडी सांगाड्यांवर दिव्यांचे जे महाल उभे राहतात, ते एकदा बघाच. ऑगस्टच्या अखेरीला मेल्पिन्यानोत रात्रभर पित्सिकाचा जलसा होतो, १९९८ पासून.

पित्सिका म्हणजे डफाच्या वेगवान तालावरचा नाच. शेतात राबणाऱ्या बायकांना कोळी डसतो आणि नाचल्याशिवाय विष उतरत नाही, अशी जुनी समजूत होती. वादक घरी येत, बाई तासन्‌तास नाचे, आणि २९ जूनला गालातिनाच्या सेंट पॉलच्या देवळात जाई. १९५९ मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो या अभ्यासकाने इथे येऊन याचा अभ्यास केला. त्याने कोळ्याच्या पलीकडे जाऊन त्या बायकांच्या कोंडलेल्या दुःखाकडे पाहिलं. आपल्याकडे अंगात येणाऱ्या बाईला ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना तो डफ वेगळाच ऐकू येईल.

एकच ठिकाण बघायचं असेल तर?

ओत्रांतोचं कॅथेड्रल. खांदे आणि गुडघे झाकून जा. ११६३ ते ११६५ या काळात पान्तालेओने नावाच्या भिक्षूने संपूर्ण जमिनीवर रंगीत दगडांचा एक जीवनवृक्ष मांडला आहे, आणि तो वृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे.

मी एक दिवस मराठी स्वयंपाक करू का?

विचारून करा, आणि दुपारचं जेवण नव्हे, रात्रीचं. साधा बेत ठेवा: तिथल्याच हरभऱ्यांची उसळ, भात, काकडीची कोशिंबीर, बटाट्याची भाजी. तिखट अर्धं घाला, तेही कमी पडणार नाही. मी बाकल्याच्या डाळीला हिंग-हळद-जिऱ्याची फोडणी दिली. नोन्नाने दोनदा घेतलं, वर तिच्या पद्धतीने कच्चं तेल ओतून.

परतताना काय आणू?

तुम्ही काही घेण्याआधीच ते बांधून देतील: तेलाचा डबा, टोमॅटोच्या बाटल्या, अंजिरं. नाही म्हणणं शक्य नसतं. हे सगळं चेक-इनच्या बॅगेत जाऊ द्या, बाटल्या टॉवेलात गुंडाळा, टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत. जातानाच बॅगेत तीन-चार किलोंची जागा रिकामी ठेवा.